कड्यावरच्या बॉबकॅटची नोंद

सात आठवड्यांत रोझलीने रानात बांधलेल्या तीन कॅमेऱ्यांनी काय टिपलं म्हणाल, तर एकशे चाळीस हरणं, बावीस रॅकून, एक वाट चुकलेली गाय आणि बॅटरी बदलायला ओणवी झालेली खुद्द रोझली, तीही मागून. बॉबकॅट, म्हणजे तिथलं आखूड शेपटीचं रानमांजर, एकही नाही.

येत्या मंगळवारी गावसभा होती. गावाच्या मालकीचा उत्तरेकडचा कडा खडीवाल्याला द्यायचा की रान म्हणून राखायचा, यावर त्या दिवशी हात वर व्हायचे होते. राखायचा तर अट एकच. गेल्या दोन हिवाळ्यांतली बॉबकॅटची एक तरी पक्की नोंद हवी. आणि पक्की म्हणजे कोणती, हे गेली अकरा वर्षं ठरवत होती रोझलीच. शाळेची बस चालवून निवृत्त झालेली ही बाई गावाची वन्यप्राण्यांची नोंदवही सांभाळायची. लोक हौसेने फोटो पाठवत आणि ती तितक्याच तत्परतेने ते नापास करी. शेपूट आखूड आहे का? त्याचं टोक वरून काळं, खालून पांढरं आहे का? कानांमागे पांढरा ठिपका? शेजारी मापाला काही ठेवलंय? नाही ना, मग ते तुमच्या शेजारणीचं मांजर. फोटो किंवा ठसा नसलेलं, नुसतं डोळ्यांनी पाहिलेलं तर ती धरतच नसे. गाव तिला मागून 'मांजर मास्तरीण' म्हणे. तिला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर थोडं आवडतही होतं.

आता मात्र मास्तरणीची छडी मास्तरणीच्याच पाठीत बसत होती.

शनिवारी पहाटे ताजं बर्फ पडलं. रोझली कंबरेचं दुखणं आणि मोजपट्टी दोन्ही सोबत घेऊन कडा चढली. पोचेपर्यंत दुपार झाली, कारण वाटेत एका ओढ्याने तिला कमरेपर्यंत भिजवलं. वर, उन्हाकडे तोंड केलेल्या खडकांखाली, ठसे होते. गोल, नखांची खूण नाही, मागचा पाय बरोबर पुढच्या पायाच्या ठशात पडलेला. तिने श्वास रोखून पट्टी लावली. माप अगदी बॉबकॅटचं भरलं. मग तिने ठशाची कड बोटाने चाचपली आणि तिचं तोंड उतरलं. कड मऊ झाली होती. ऊन लागलं की बर्फातला ठसा वितळून फुगतो, आणि घरच्या मांजराचं पाऊल दोन तासांत बॉबकॅटचं होतं. नवशिक्यांना ती हे पहिल्याच दिवशी शिकवायची. दुसऱ्या कुणी असा ठसा पाठवला असता, तर तिने चहा थंड व्हायच्या आत नापास केला असता. तिने शिव्या हासडत पट्टी खिशात घातली.

आणि मान वर केली तर ते समोर बसलेलं.

दहा-बारा पावलांवर, कोरड्या खडकावर, ऊन खात. गालांवर कल्ल्यांसारखे झुपके, अंगावर विटके ठिपके. त्याने मान वळवली तेव्हा कानामागचा पांढरा ठिपकाही दिसला. अकरा वर्षं लोकांना विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तिथे बसलं होतं. रोझलीने हळूच फोन काढला. गारठ्याने तो केव्हाच मेला होता. सगळ्यात जवळचा कॅमेरा तिने स्वतःच्या हातांनी ओढ्याकडे तोंड करून बांधला होता. मांजर उठलं, अंग ताणलं, आखूड शेपूट तिला नीट दाखवलं आणि कोरड्या खडकांवरून निघून गेलं. बर्फावर त्याने एक पाऊल टाकलं असतं तरी चाललं असतं.

रोझलीला रागाने रडू आलं. कुणावर रागवायचं हेही कळेना, म्हणून तिने मेलेला फोन बर्फात फेकला आणि मग तो शोधण्यात पंधरा मिनिटं घालवली.

कड्याच्या पायथ्याशी वेंडेल पाइकची मेपलचा रस आटवायची शेड होती. वेंडेल शाळेत तिच्याच वर्गात होता. तो मोठ्या कढईवरचा फेस काढत होता. त्याने तिला शेगडीजवळ बसवलं, डोनट आणि काकडीचं लोणचं पुढे केलं आणि सगळं ऐकून घेतलं.

"शेपूट आखूड होतं का?" मग त्याने विचारलं.

"वेंडेल, आज नको."

"शेजारी मापाला काही होतं?"

"मी होते."

"तू चालत नाहीस. नियम आहे तुझा."

तिने त्याच्याकडे पाठ फिरवली. समोर भिंतीवर, गेल्या साली कुणाकडे पाकाचे किती डबे पोचवले त्या कागदांशेजारी, एक फोटो टाचणीने लावला होता. याच शेडचं दार, बर्फ, आणि पालथ्या घातलेल्या पत्र्याच्या बादलीमागे उभं असलेलं एक मांजर.

"हा मला पाठवला होतास?"

"चार वर्षं झाली. तू कळवलंस, शेपूट दिसत नाही, मापाला काही नाही, घरचं मांजर."

रोझली उठून फोटोजवळ गेली. शेपूट बादलीआड गेलं होतं, ते खरंच. पण बादली होती. या भागात घरोघरी असते तीच, एकाच मापाची. घरचं मांजर तिच्या उंचीच्या आतच राहिलं असतं. याची पाठ बादलीच्या चांगली वीतभर वर होती. हे बघायला चष्मासुद्धा लागत नव्हता, बघायची इच्छा तेवढी लागत होती. त्या हिवाळ्यात तिने साठ फोटो एका बैठकीत नापास केले होते.

"मापाला बादली होती की," ती म्हणाली.

"होती."

"मग बोलला का नाहीस?"

"मास्तरणीशी कोण वाद घालणार? वाटलं, तुला कळत असेल."

"त्यानंतर दिसलं कधी?"

"दर हिवाळ्यात. गेल्या साली दोन पिल्लं होती बरोबर. लाकडांच्या राशीवर तासभर खेळत होती."

तिने भिंतीवर आणखी फोटो शोधले. "फोटो?"

"घरच्या मांजराचे फोटो मी कशाला काढू, रोझली?"

त्याने ते कुचकेपणाने म्हटलं नव्हतं. म्हणूनच ते जास्त लागलं. कढईतला रस उतू जायला आला तसा तो तिकडे वळला. रोझलीने सांगितलं की मंगळवारी ती सभेत उभी राहून हे सगळं बोलेल, चूक कुणाची तेही.

"त्याने कडा वाचेल?"

"नाही."

तिने फोटो भिंतीवरून काढला, उलटा करून मांडीवर ठेवला आणि त्याच्याकडे पेन मागितलं. मागे लिहिलं, बॉबकॅट, पक्की नोंद. खाली चार वर्षांपूर्वीची, आता कुणाच्याही उपयोगाची नसलेली तारीख घातली आणि सही केली.