रणझुंजारची डावी बाजू

फुटबॉल हंगामाच्या पहिल्याच सामन्यात रणझुंजार तालमीच्या संघाची डावी बाजू उजवीपेक्षा हातभर रुंद निघाली. मधल्या वर्तुळापासून उजवीकडची चुन्याची रेघ होती तिथेच होती, डावीकडची मात्र सरकली होती. पंचांनी दोरी लावून पाहिली, लाइनमनला बोलावून पुन्हा लावली आणि खेळ सुरू केला. हाफटाइमला संघांनी बाजू बदलल्या तशी ती जास्तीची जागाही बदलली. म्हणजे ती मैदानाची नव्हती, रणझुंजारची होती. तेव्हा तक्रार कुणी कुणाकडे करायची हा प्रश्नच आला नाही.

दिनकरअण्णा इंगवल्यांना याचं नवल वाटलं नाही. तालमीच्या पेठेत त्यांची पिठाची गिरणी होती. गिरणीच्या घरघरीत आयुष्य गेल्यामुळे ते साधं बोलले तरी चौकापर्यंत ऐकू जाई, आणि फुटबॉलविषयी ते साधं कधी बोलत नसत.

"डावीकडं पाहुणा उभा केलाय," ते सामना संपल्यावर म्हणाले. "मैदान तरी काय करंल बिचारं?"

पाहुणा म्हणजे सर्जेराव खाडे. नदीपलीकडच्या गावचा, सकाळी सायकलवरून पेठेत दूध घालणारा. रणझुंजारचा आधीचा डावा बॅक नोकरीला पुण्याला गेला आणि प्रशिक्षक रंगराव वस्तादांनी या दूधवाल्याला उभं केलं. त्याला कुणीतरी मोकळ्या कॅनला लाथ मारताना पाहिलं होतं आणि कॅन जिथं जायला हवा तिथंच गेला होता.

तालमीत एक रीत होती. पहिल्या सामन्याच्या सकाळी कुस्तीच्या हौद्यातली, म्हणजे आखाड्यातली, तांबडी माती, ताक आणि तेल मुरलेली, अकरा खेळाडूंच्या कपाळाला लावायची. हा मान पेठेतल्या सगळ्यात जुन्या समर्थकाचा, म्हणजे अण्णांचा. त्या सकाळी त्यांनी ओळीनं दहा कपाळांना अंगठा टेकवला. अकरावं कपाळ वाकून तयार होतं. अण्णांनी खांद्यावरचा पंचा काढला आणि हात पुसले.

"हा कुठं पेठेचा?" ते म्हणाले.

सर्जेराव थोडा वेळ तसाच वाकून राहिला. मग वाकलोच आहे तर म्हणून त्यानं बुटाच्या नाड्या बांधल्या.

त्या दिवसापासून डावी बाजू वाढत गेली. दुसऱ्या सामन्यात समोरच्या संघाचा उजवा फॉरवर्ड चेंडू घेऊन रणझुंजारच्या डावीकडून निघाला. तो परत आला तेव्हा मैदानावर पाणी मारणं चाललं होतं आणि त्याच्या संघातले लोक जेवायला घरी गेले होते. तिसऱ्या सामन्यातला फॉरवर्ड परत आलाच नाही. सर्जेराव त्यांच्या मागे जायचा, चेंडू काढून घ्यायचा आणि धावत यायचा. एवढ्या लांबून चेंडू येईपर्यंत समोरचे लोक त्याची वाट बघणं सोडून गप्पा मारत असायचे आणि रणझुंजारचा गोल व्हायचा.

असे सामने जिंकत तालीम गुणतक्त्यात वर गेली. गिरणीत दळणापेक्षा अण्णांची मतं ऐकायला जास्त लोक येऊ लागले.

"गोलीचं काय सांगू," अण्णा जात्यात गहू ओतत म्हणायचे, "हात हे एवढं लांब, पण बाहेर यायचं का न्हाई याचा विचार घरी जाऊन करतो. मधला बॅक दणकट. त्याला बैलगाडी आडवी घाला, मागं सरायचा न्हाई. फक्त वळायला सांगू नका. आणि आपला फॉरवर्ड इलास? त्याचं लग्न ठरलंय. पोरगं गोल करून आधी लेडीज ग्यालरीकडं बघतंय, मग पंचाकडं."

"आणि सर्जेराव, अण्णा?" कुणीतरी मुद्दाम विचारायचं.

"तो कुठं असतो? दिसला तर सांगतो."

लोक हसायचे. हसताना त्यांचे खांदे एकमेकांवर आपटायचे, कारण गिरणी अरुंद होऊ लागली होती.

डावीकडे जेवढी जमीन जात होती तेवढी कुठून तरी येत होती, आणि ती पेठेतून येत होती. आधी चौकात दोन स्कूटरना एकमेकींना टाळता येईना. मग छत्री उघडता येईना. लग्नाचा घोडा पेठेत शिरला, त्याला वळता आलं नाही, तो तसाच मागच्या पायांनी बाहेर गेला आणि नवरदेवाचं तोंड शेवटपर्यंत पेठेकडे राहिलं. लोक आडवे होऊन चालायला शिकले. समोरासमोरच्या घरांतल्या बायका आपापल्या ओट्याशी उभ्या राहून एकमेकींच्या कढईत मीठ टाकू लागल्या.

"अहो, भिंत आत आली," अण्णांची बायको शेवंता म्हणाली. ती पाट घेऊन उभी होती आणि पाट टेकायला जागा नव्हती.

"हंगाम चाललाय," अण्णा म्हणाले. "थोडी गर्दी असायचीच."

"गर्दी न्हवं ही. कालच्याला तुमची कूस माझ्या कुशीत होती आणि वर शेजारच्या पाटलाच्या सुनेचा पाय होता. त्या पोराला माती लावा एकदाची. काय जातंय तुमचं?"

"पेठेची माती हाय ती, शेवंता. हळदी-कुंकू न्हवं, आली सवाष्ण की लाव."

"पेठ उरली तर माती उरंल न्हवं?"

कप येऊ दे, सगळं रुंद होईल, असं अण्णांना वाटत होतं. त्यांना फुटबॉलमधलं जे वाटायचं ते खरं व्हायचं, असा त्यांचा अनुभव होता.

सर्जेराव मात्र रोज सकाळी दूध घालत होता. फरक इतकाच की आता तो सायकलवरून येत नव्हता. डावी बाजू वाढत वाढत स्टेडियमच्या भिंतीतून भाजी मंडईत आणि मंडईतून पुलाकडे गेली होती, त्यामुळे मागचा सामना खेळता खेळताच तो गावी पोचायचा, धार काढायचा आणि पुढचा सामना खेळत पेठेत यायचा. अण्णांच्या दाराशी तो आडवा उभा राहून माप ओतायचा.

"काल बगलेवरनं गोलपुढं सेंटर उशिरा टाकलास," अण्णा भांडं पुढे करत म्हणायचे.

"व्हय अण्णा. मंडईत मेथीच्या पाट्या होत्या, म्हाताऱ्या उठंनात."

"डाव्या पायाचा आतला भाग लाव. बोटं लावतोस तू."

"व्हय अण्णा."

कपाळाचा विषय दोघांनीही काढला नाही. सर्जेरावचं कपाळ गोरंही नव्हतं, काळंही नव्हतं. ते नुसतं मोकळं होतं, आणि दूध ओतायला तो वाकला की अण्णा भांड्याकडे बघायचे.

शेवटचा सामना बुरुजतळ तालमीशी होता. बरोबरी झाली तर कप त्यांचा, जिंकलं तर रणझुंजारचा. स्टेडियममध्ये रणझुंजारच्या समर्थकांची बाजू इतकी अरुंद झाली होती की माणसं एकमेकांच्या मांडीवर बसली होती. सगळ्यात खाली कोण आहे हे कुणालाच माहीत नव्हतं, खालून अधूनमधून "गोल झाला काय?" असं विचारलं जाई. अण्णा वरच्या थरात होते. त्यांचा आवाज मोठा असल्यामुळे त्यांना लोकांनी हातोहात वर चढवलं होतं.

शिट्टी झाली. बुरुजतळच्या उजव्या फॉरवर्डनं हुशारी केली आणि तो मधूनच खेळू लागला. पण चेंडूला ते माहीत नव्हतं. तो उडाला, डावीकडे पडला आणि जाऊ लागला. सर्जेराव त्याच्या मागे गेला.

"चेंडू सध्या डाव्या बगलेवर आहे," लाउडस्पीकरवरून निवेदक म्हणाला. "समजताच कळवण्यात येईल."

हाफटाइम आला आणि गेला. बाजू बदलल्या तसं डावीकडचं सगळं, मंडई, पूल आणि नदीसकट, फिरून दुसऱ्या अंगाला आलं. सर्जेराव आला नाही. खेळाडू गोलसमोर उभे राहिले. अण्णांना खालून शेवंताचा आवाज आला. ती पेठेतून बोलत होती, पण पेठ आता इतकी जवळ आली होती की ती कानातच बोलल्यासारखी वाटली.

"अहो, मला श्वास आत घेता येतोय, पण बाहेर सोडायला जागा न्हाई."

त्याच वेळी रंगराव वस्ताद माणसांच्या मांड्यांवरून चढत वर आले. प्रशिक्षक असून हंगामभर त्यांनी अण्णांना एक शब्द विचारला नव्हता. त्यांनी अण्णांचा हात धरला आणि मुठीत हौद्यातली माती ठेवली.

"जा," ते म्हणाले.

"मी?"

"मी लावून चालत न्हाई. मी लावून बघितली. पुसून जाते."

अण्णांनी मूठ बंद केली. "मातीसाठी जात न्हाई मी, वस्ताद," ते म्हणाले. "सेंटर कसं टाकायचं ते सांगायला जातो. पोरगं बोटं लावतंय."

"बरं. सेंटर सांगायला जावा."

अण्णा उतरले आणि गोलच्या रेघेवरून डावीकडे चालू लागले. रेघ भिंतीतून गेली, तेही गेले. मंडईत बायकांनी पाट्या उचलून वाट दिली. एकीनं विचारलं, "कितीवर हाय?" आणि त्यांनी सांगितलं, "अजून झिरो झिरो." नदीवर रेघ पाण्यावरच मारलेली होती, चुना कुठंही विरघळला नव्हता. अण्णांनी धोतर वर खोचलं, पण ते ओलं झालं नाही.

पलीकडे उसाच्या फडाला लागून गुऱ्हाळ चालू होतं. काहिलीभोवती निरनिराळ्या रंगांच्या जर्सी घातलेली पोरं बसून गरम गूळ चाटत होती. हंगामातले सगळे हरवलेले उजवे फॉरवर्ड तिथे होते.

"कोण जिंकलं ओ अण्णा?" एकानं विचारलं.

"कुठल्या सामन्यात?"

"आमच्या."

"तुमच्यात तू न्हवतास म्हणून हरलात," अण्णा म्हणाले. "मी तेव्हाच म्हटलं होतं, तुमच्याकडं तुझ्याशिवाय दुसरा माणूस न्हाई."

पोराच्या तोंडावरचा गूळ हलला. तो हसला असावा.

सर्जेराव फडाच्या टोकाला कॉर्नरच्या झेंड्याजवळ उभा होता. चेंडू त्याच्या डाव्या पायाशी होता. तो धापा टाकत नव्हता. मागे त्याच्या घराचं अंगण होतं आणि अंगणात त्याची आई म्हैस धरून उभी होती. तिनं अण्णांना पाहून डोक्यावरचा पदर सारखा केला.

"अण्णा, बसा की," ती म्हणाली. "लांबनं आलायसा. च्या ठेवते."

"सामना चालू हाय, मावशी."

"इथं सारखाच चालू असतोय," ती म्हणाली.

अण्णा सर्जेरावसमोर उभे राहिले. रेघ इथून सरळ मागे जात होती आणि तिच्या दुसऱ्या टोकाला गोल काडेपेटीएवढा दिसत होता. त्याच्यासमोर खेळाडू इतके दाटून उभे होते की ते एकच काळा ठिपका वाटत होते.

"टाकतोस न्हवं?" अण्णा म्हणाले.

"टाकतो की. तुमचीच वाट बघत होतो."

"माझी कशाला? मी काय हेडर मारणार हाय?"

"तुम्ही बघितल्याशिवाय टाकलं," सर्जेराव म्हणाला, "तर तुम्ही म्हणणार, तो कुठं असतो, दिसला तर सांगतो."

अण्णांनी म्हशीकडे बघितलं. मग ते मूठ उघडून म्हणाले, "वाक."

"आधी सेंटर. माती मागनं लावा."

"मागनं का?"

"मी अंतर मोजलंय, अण्णा. हंगामभर रोज धावलोय मी हे. एवढं अंतर माझ्या पायात बसलंय. हे एवढंच असू दे थोडा वेळ, माती लागली की आटंल."

"मला अंतर शिकवतोस?"

सर्जेराव दोन पावलं मागे सरला आणि त्यानं चेंडू मारला. पायाचा आतला भाग लागला, बोटं लागली नाहीत. चेंडू उसाच्या तुऱ्यांवरून उठला, गुऱ्हाळाच्या धुरातून गेला आणि नदीवर येऊन आणखी चढला. अण्णांनी आयुष्यात एवढे सामने पाहिले होते, पण असं सेंटर त्यांनी पाहिलं नव्हतं. त्याला सुधारायला काही नव्हतं. त्यांना घाई झाली. हे कपाळ आता, या क्षणी, पेठेचं व्हायला हवं होतं. चेंडू खाली येऊन गोल झाल्यावर तर कुणीही त्याला पेठेचा म्हणेल. सर्जेराव मान वर करून चेंडूकडे बघत असतानाच त्यांनी अंगठा मातीत बुडवला आणि त्याच्या कपाळावर टेकवला.

माती बसली. पुसली गेली नाही.

"अण्णा," सर्जेराव हळूच म्हणाला, "आत्ता नको होती."

पायाखालून रेघ सरकू लागली. आधी नदी आली, पाणी न सांडता. मग पूल, मग मंडई, पाट्या डोक्यावर धरलेल्या बायका. गुऱ्हाळातली पोरं उठून उभी राहिली आणि आपापल्या जर्सीवरचा गूळ झटकू लागली. लांब कुठेतरी शेवंतानं कोंडलेला श्वास सोडला आणि उसाची पानं हलली. स्टेडियमची भिंत आली, मांडीवरून सुटी होऊन पायऱ्यांवर पसरत जाणारी माणसं आली, आणि काडेपेटीएवढा होता तो गोल मोठा मोठा होत, गोलीसकट, बॅकसकट, वर बघणाऱ्या फॉरवर्ड विलाससकट, रेघेवरून सरळ अण्णांकडे धावत येऊ लागला. चेंडू अजून वरच होता, आणि तो तिकडे, गोल मघाशी होता तिथे, चालला होता.