एलिनेडचा आकाशातला हात

आमच्या वेल्समधल्या त्या खेड्याच्या चॅपलमध्ये, म्हणजे छोट्या चर्चमध्ये, मुंगीला शिरायला जागा नव्हती. पडद्यावर एक दीर्घिका झळकत होती. तिच्यावर छडी रोखून, ताऱ्यांतून मेलेल्यांचे निरोप वाचणारे प्यू महाराज विचारत होते, "हे बघा नाक. दिसलं?"

"दिसलं!" गाव ओरडलं.

"आणि हा चष्मा?"

"अगं बाई, एलिनेडच की!"

एलिनेड म्हणजे शेजारच्या ग्विलिमकाकांची गेल्या हिवाळ्यात वारलेली बायको. ती म्हणे तिथून निरोप धाडत होती, 'ऑपरेशन करू नका. ताऱ्यांच्या लहरी हृदय दुरुस्त करतील.' काकांचं ऑपरेशन गुरुवारी होतं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, उशीर केलात तर जिवावर बेतेल. तरी काका रद्द करायला निघाले. माझं डोकंच फिरलं.

मी बायकांचे केस कापते. खगोलशास्त्राशी माझा संबंध एवढाच, की आम्ही पाचसहा रिकामटेकडे चहा-केक खात शास्त्रज्ञांसाठी दीर्घिकांचे फोटो आकाराप्रमाणे वेगळे करतो. ही गोल, ती भोवऱ्यासारखी. उत्तर देईपर्यंत शेजाऱ्याचं ऐकायचं नाही, कारण ऐकलं की तेच दिसायला लागतं. शिवाय आम्ही डुलक्या घेत नाही ना, हे बघायला ते मधूनच एखादं खोटं चित्र घुसडतात.

पडद्याचं यंत्र मीच चालवत होते. दुसऱ्या दिवशीच्या दर्शनाला मीही तसंच एक खोटं चित्र घुसडलं.

"अहाहा!" महाराज डोलू लागले. "एलिनेडचा आशीर्वादाचा हात! ही बोटं, हा अंगठा!"

"अंगठा!" गाव गहिवरलं.

काका मात्र पडद्याला नाक लावून उभे राहिले. "अहो, हा तर आमचा तवा!"

"बाळा, ही दिव्य लहर..."

"कसली लहर! हा ओरखडा मीच पाडलाय, तारेच्या घासणीनं. दोन दिवस बोलली नव्हती माझ्याशी!"

"आत्मा तव्यातही..." पुढचं हशात बुडालं आणि महाराज मागच्या दारानं सटकले.

"सकाळी तुमच्याच स्वयंपाकघरात फोटो काढला, काका," मी म्हणाले. "मंडळी, त्या महाराजानं आधी नाक सांगितलं, म्हणून तुम्हाला नाक दिसलं. न सांगता कुणाला दिसलं असतं का? कुणी काही दाखवलं, तर आधी त्याचं तोंड बंद करा आणि मग आपले डोळे उघडा."

काका हसत नव्हते.

"म्हणजे ब्रॉनवेन, ती तिथं नाही?"

"नाही, काका."

त्यांनी पडद्यावरच्या त्या ओरखड्यावरून बोट फिरवलं. मला फार वाईट वाटलं. मग त्यांनी टोपी घातली.

"मग गुरुवारी मला हॉस्पिटलात कोण नेणार, पोरी?"