प्रशिकची पारख

सन दोन हजार चोवीसच्या नोव्हेंबर महिन्यातील एका रविवारी, चर्चमधली सकाळची मिस्सा आटोपल्यानंतर, नागपूर शहरी, हिंगणा मार्गालगतच्या आनंदराव गजभिये यांच्या राहत्या घरी फादर सिरील जेवावयास आले. जेवण हे निमित्त होते. धर्मगुरू होऊ इच्छिणाऱ्या मुलाला गुरुविद्यालयात घेण्यापूर्वी त्याच्या घरी जावे, त्याच्या माणसांत बसून चार घास खावेत आणि त्याची पारख करावी, असा त्या धर्मप्रांताचा शिरस्ता होता. त्यातून आनंदरावांचा मुलगा प्रशिक हा बौद्ध घरातला; त्याचा बाप्तिस्मा होऊन जेमतेम अडीच वर्षे लोटलेली. अशा नवख्याच्या बाबतीत चर्च घाई करत नाही.

प्रशिकला मात्र आपल्या निवडीविषयी तिळमात्र शंका नव्हती. हिंगण्याच्या कारखान्यात तो सुट्या भागांची तपासणी करी. केसाएवढी चीर त्याच्या नजरेतून सुटत नसे, आणि धर्मही त्याने तसाच उलटून पालटून पाहिला होता. बापाशी त्याचे वाद रंगत, तेव्हा शेजारी टीव्हीचा आवाज कमी करत. आनंदरावांचे म्हणणे, आपण देव सोडून माणूस धरला आणि तू पुन्हा देव धरतोस. प्रशिकचे म्हणणे, मी ज्याला धरले तो माणूस होऊनच आला. निकाल कधी लागला नाही, आणि म्हणूनच की काय, अबोलाही कधी झाला नाही. येत्या जूनमध्ये गुरुविद्यालयात आपला प्रवेश होणार, हे प्रशिकने मनाशी ठरवूनच टाकले होते. राहिला होता तो फादरांचा होकार.

पाने वाढली गेल्यावर फादरांनी विचारले, बाप्तिस्म्याने तुझ्यात काय बदलले? प्रशिक याच प्रश्नाची वाट पाहत होता. त्या घराचा नेम असा, की दसऱ्याला दीक्षाभूमीवर गावोगावचे लोक लोटतात, तेव्हा रस्त्याच्या कडेला मांडव टाकून त्यांना जेवू घालायचे. मसालेभात वाढण्याचे काम शाळेत असल्यापासून प्रशिककडे. यंदा, उद्याच्या धर्मगुरूने दुसऱ्या धर्माच्या सोहळ्यात उभे राहणे बरे नव्हे, असे ठरवून तो दिवसभर चर्चमध्ये बसून राहिला होता. आपला हा त्याग त्याने आता शांतपणे, एखाद्या पुराव्यासारखा, फादरांपुढे ठेवला.

फादर सिरील मूळचे केरळातले, पण त्यांचे निम्मे आयुष्य विदर्भात गेले होते. पोळी मोडता मोडता ते म्हणाले, “मग भात कोणी वाढला?”

उत्तर प्रशिकच्या आईने, कौसल्याबाईंनी, दिले. “कोण वाढते? मीच होती. गुडघे सुजले माहे. देवासाठी घर सोडतो म्हणते हा, अन् भुकेल्या माणसापासून लपून बसते.”

“थांब वं,” आनंदराव म्हणाले. “त्याले बोलू दे.”

फादरांनी प्रशिककडे वळून विचारले, “तिथं तुला बुद्धवंदना म्हणायला सांगितली होती?”

“नाही, फादर.”

“नुसता भात वाढायचा होता?”

“हो.”

वादात मुरलेल्या प्रशिकला उत्तरे सुचत होती, नाही असे नाही. पण त्यांतले एकही उपाशी माणसापुढे टिकणारे नव्हते, हे त्याचे त्यालाच कळले.

“चुकलो,” तो म्हणाला. “चर्चमधल्या कोणी मला त्या मांडवात पाहिलं तर काय म्हणेल, याची धास्ती घेतली आणि तिलाच श्रद्धा समजलो. पण मला धर्मगुरू व्हायचं आहे, यात चूक नाही.”

फादरांनी मान हलवली आणि आनंदरावांची संमती विचारली.

“माह्या बापानं छप्पन साली खाप्याहून येऊन धर्म बदलला, तवा कोणाले विचारलं नव्हतं,” आनंदराव म्हणाले. “मग मी याले काहून अडवू? न्या. पण कच्चा नका नेऊ, फादर. तुमचं नाव जाईल, अन् माह्या घरचंही.”

बाप आपल्या बाजूने बोलला की विरुद्ध, हे प्रशिकला क्षणभर उमजेना; मग तो हसला, आणि त्याने फादरांकडे सरळ पाहिले.

“येत्या जूनला नाही,” फादर सिरील म्हणाले. “त्याच्या पुढच्या जूनला घेऊ.”