रविवारी दुरुस्त होणारा भोंगा

मित्रांनो, मी एक भोंगा आहे. जुना म्हणालात तर राग नाही, पण बिघडलेला म्हणू नका. बिघडलेला होतो तेव्हा मी रोज कामावर जात होतो. आता अगदी ठणठणीत आहे आणि दुरुस्तीवाल्याच्या दुकानात वरच्या फळीवर धूळ खात पडलो आहे.

शाळेत खेळांच्या दिवशी सर तोंडापुढे धरून ओरडतात ना, त्यातलाच मी. माझं तोंड मोठं, नरसाळ्यासारखं पसरट. कान मात्र लहान, मुठीत मावेल एवढा, कुरळ्या वायरने मला जोडलेला. लोक त्याला माइक म्हणतात. कानावर पडेल ते तोंडाने दसपट करून सांगायचं, एवढंच माझं काम. स्वतःचं म्हणून एक अक्षरही मला बोलता येत नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

कारखान्यात एका बाईंनी माझ्या कानात "एक, दोन, तीन" म्हटलं, ते माझे पहिले बोल. त्यांना सर्दी झाली होती, म्हणून मीही पहिल्यांदा नाकातच बोललो. मग खोक्यात बसून दुकानात आलो आणि तिथून एका गाईडच्या खांद्याला लागलो.

हा गाईड लोकांना शहर दाखवायचा. एका वेळी नऊच माणसं, कारण शेवटी ज्या होडीत बसायचं तिच्यात जागाच नवांची. सकाळी दहाला घड्याळाच्या चौकातून निघायचं. आधी भट्टीवाल्यांची आळी, मग कागदवाल्यांची पेठ, मग शिंप्यांची गल्ली आणि तिथून धक्क्यावर. साडेबाराला होडी सुटायची आणि त्याच वस्त्यांच्या पाठीमागून, कालव्यातून, परत न्यायची. एका सकाळी घरांची तोंडं बघायची आणि पाठीही बघायच्या, अशी ती सहल.

होडीवाल्या काकांचं वेळेच्या बाबतीत फार कडक काम. पुढे एक बुटका पूल होता. रोज एकनंतर कालव्याला पाणी सोडत, आणि ते चढलं की होडी त्याच्याखालून जात नसे. त्यामुळे काकांचा एकच धोशा, "येतील ते येतील, राहतील ते राहतील, होडी थांबायची नाही." पूल आला की माझा गाईड माझ्यातून ओरडायचा, "घरी राजे असाल, इथे मान वाकवा!" नऊच्या नऊ माना खाली जायच्या. मला तेव्हा फार मोठं झाल्यासारखं वाटायचं. माणसं माझं ऐकतात, असं वाटायचं.

पण सहलीतली लोकांची आवडती जागा पूल नव्हता. ती होती गाईडच्या मावशीची खिडकी.

त्याची आई तो लहान असतानाच गेली. शिंप्यांच्या गल्लीत काजं-बटणं करून मावशीने त्याला वाढवलं. आता ती ऐंशीच्या घरात होती, एकटीच राहायची, तरी उजव्या हाताच्या मधल्या बोटात अंगुस्तान असायचंच. अंगुस्तान म्हणजे सुई टोचू नये म्हणून बोटावर घालायची पितळी टोपी. ती झोपतानाही काढत नाही, अशी गल्लीत थट्टा चालायची.

नऊ जण खिडकीपुढे उभे राहिले की गाईड माझ्यातून हाक मारायचा, "मावशी, आहेस का घरी?" आतून अंगुस्तान गजावर वाजायचं. टक, टक. गाईड माझा कान गजाजवळ धरायचा आणि ती टकटक मी गल्लीभर करायचो. मग मावशी पडदा सारून म्हणायची, "आला का माझा पोपट? आणि हा तुझा बोंबल्या अजून जिवंत आहे होय?" लोक हसून हसून बेजार व्हायचे. होडी तिच्या घरामागून जायची तेव्हा स्वयंपाकघराच्या खिडकीतून पुन्हा टक, टक. निरोपाची.

बोंबल्या म्हणजे मी. नाव ठेवलं, पण जीव होता तिचा माझ्यावर. पहिल्याच पावसाळ्यात उरलेल्या निळ्या कापडाचा अंगरखा तिनेच मला शिवला, आणि काज इतकं बारीक की गाईडला बटण लावायला दोन मिनिटं लागायची. "तुझ्यापेक्षा ह्याचाच घसा जपायला हवा," असं त्याला म्हणाली होती.

पुढे दिवस पालटले. सहल आवडली, तशी माणसं गल्लीत राहायलाच येऊ लागली. मावशीच्या शेजारची, समोरची, वरच्या मजल्यावरची बिऱ्हाडं एकेक करून उठली आणि त्या खोल्या पाहुण्यांना देण्यासाठी सजल्या. रोज नवी तोंडं, चाकांच्या बॅगांची खडखड. मावशी म्हणायची, "अरे, साखर मागायला दार वाजवावं तर आतला माणूस नकाशा दाखवून मलाच रस्ता विचारतो." तेव्हा मी ते दसपट करून सांगितलं आणि सगळे हसले. हसण्यासारखं काय होतं त्यात?

मीही झिजलो. कानाजवळची तार सैल झाली. बोलता बोलता मध्येच खर्रर्र व्हायचं. गाईड मला एक चापट मारायचा की मी पुन्हा सुरळीत. होडीवाले काका म्हणाले, "अरे, दाखव एकदा ह्याला." तो म्हणाला, "रविवारी दाखवतो."

त्याच सुमारास मावशीही म्हणाली होती, "मोरीपुढची ती फरशी हलतेय रे. एक दिवस पाडेल मला." तो म्हणाला, "रविवारी बघतो, मावशी." माणूस वाईट नव्हता हो. रोज संध्याकाळी तिची औषधं, दूध, भाजी न चुकता आणायचा. पण रविवारी सहलीला गर्दी, आणि सोमवारी पुन्हा पुढचा रविवार. साऱ्या शहराचा कोपरान् कोपरा दाखवणारा हा माणूस, आणि दिव्याखाली अंधार तो असा.

मग तो दिवस आला. साधा बुधवार होता.

त्या दिवशी कागदवाल्यांच्या पेठेत कुणाची तरी पिशवी राहिली, तिच्यामागे वीस मिनिटं गेली. शिंप्यांच्या गल्लीत पोचलो तेव्हा गाईड घड्याळाकडेच बघत होता. खिडकी उघडी होती, पडदा ओढलेला.

"मावशी, आहेस का घरी?"

उत्तर आलं नाही. त्याने पुन्हा हाक मारली. नऊ माणसं वाट बघत होती आणि होडीला आठ मिनिटं होती. दार ढकलून आत डोकावायला अर्धं मिनिटही लागलं नसतं. पण त्याने हसून माझ्यातून सांगितलं, "मावशी आज रुसली आहे! काल बिनसाखरेची बिस्किटं आणली ना मी. चला, रुसवा होडीतून काढू!"

मी ते दसपट मोठं केलं. सगळे हसले, तेही मी ऐकलं.

होडी सुटली. काका वल्ही मारत भिंतीच्या कडेकडेने नेत होते. मावशीची मागची खिडकी अगदी हाताच्या अंतरावर आली. गाईडने सवयीने माझा कान तिकडे धरला.

टक, टक.

फार बारीक होती. एरवी वरून, गजावरून यायची. ही खालून, जमिनीजवळून आली. मी ती होती तशी मोठी करून सांगितली. जीव तोडून सांगितली.

पिवळ्या टोपीच्या एक बाई पुढे बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "वाजलं ना काहीतरी? मला आतून आल्यासारखं वाटलं."

गाईडने वर खिडकीकडे पाहिलं. मावशीचा चेहरा नव्हता, हात नव्हता.

"छे हो, हा आमचा बोंबल्या. तार सैल आहे त्याची. असेच चाळे करतो."

"अहो, पण खरंच—"

"बाई, नऊ वर्षं माझ्या खांद्यावर आहे. मला नाही कळणार?"

आणि त्याने मला चापट मारली.

टक. पुन्हा एकदाच आली, चापटीबरोबरच. मग पूल आला. "घरी राजे असाल, इथे मान वाकवा!" असं मी ओरडलो. तिने ते ऐकलं असणार. मला स्वतःचा आवाज असता तर मी त्या नऊ जणांच्या कानठळ्या बसवल्या असत्या. पण मला आवाज कुठला? मी ओरडलो ते मान वाकवायलाच.

दुपारी दुसरी सहल होती, ती दुसऱ्या वाटेने गेली. संध्याकाळी तो दूध घेऊन मावशीकडे गेला. दाराला नुसती आतली खिट्टी होती, जरा जोर लावला तशी निघाली. मी त्याच्या खांद्यालाच होतो.

मावशी मोरीपुढे पडली होती. सैल फरशी उलटली होती. खुबा मोडला होता. हाक मारायला घशात जोर नसणार. पण उजवा हात भिंतीपर्यंत पोचला होता. खिडकीखाली चुन्यावर अंगुस्तानाचे बारीक बारीक खळगे पडले होते. एक नाही, दोन नाही, पुष्कळ.

वरच्या मजल्यावरचा पाहुणा जिन्यात येऊन म्हणाला, "दुपारी टकटक ऐकली होती मी. वाटलं, कुठे तरी काम चाललंय." त्याच्या हातात नकाशा होता.

डॉक्टरांनी तपासलं. म्हणाले, "सकाळी पडल्या असाव्यात. दुपारी तीन-चारपर्यंत तरी जिवंत होत्या. वेळेवर कुणी..."

मित्रांनो, त्यानंतर माझा गाईड एकच गोष्ट सांगत सुटला. कोणी विचारो न विचारो. "होडीत आवाज आला होता, पण तो भोंग्याचा होता. तारच सैल आहे त्याची." होडीवाल्या काकांना सांगितलं. डॉक्टरांना सांगितलं. जेवताना समोरच्या भिंतीला सांगितलं. काकांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला, पण हो म्हटलं नाही.

बाराव्या दिवशी तो मला घेऊन गल्लीच्या तोंडाशी असलेल्या ह्या दुकानात आला. योगायोग बघा, त्या दिवशी रविवार होता.

दुरुस्तीवाल्याला गल्लीतलं काहीच ठाऊक नव्हतं, तो दूर राहायचा आणि दुकानही त्याच आठवड्यात इथे थाटलं होतं. त्याने माझा अंगरखा काढला, कान उघडला, भिंगातून पाहिलं.

"काय त्रास देतो?"

"मध्येच वाजतो. टकटक करतो." गाईडचा आवाज असा झाला होता की मलाही तो मोठा करता आला नसता.

"टकटक?" दुरुस्तीवाल्याने तार हलवली. खर्रर्र झालं. पुन्हा हलवली. खर्रर्र. "खरखर म्हणा की. ही तार सैल झाली की नुसती खरखर येते. टकटक कशी येईल?"

"येत असेल कधीतरी. उन्हाने, पाण्याने. आम्ही होडीत असतो ना."

"नाही हो. कानात जे शिरतं तेच हा बोलतो. टकटक आली असेल तर बाहेर कोणीतरी वाजवलं असणार."

"नक्की?"

"पंचवीस वर्षं हेच करतोय. मला नाही कळणार?"

गाईड काय विकत घ्यायला आला होता ते मला कळलं होतं. त्याला फक्त एवढंच ऐकायचं होतं, की चूक भोंग्याची. मीही मनात म्हणत होतो, अरे, सांग की खोटं! घाल माझ्या माथ्यावर! माझं काय जातं, मी पत्रा आहे. पण दुरुस्तीवाला प्रामाणिक माणूस होता. त्याने डाग देऊन तार जोडली, माझ्या कानावर टिचकी मारली, आणि मी स्वच्छ आवाजात म्हणालो, टक.

गाईडने काउंटरची कड धरली. मग मला तसंच सोडून निघाला. दुरुस्तीवाला मागून ओरडला, "अहो, भोंगा राहिला!" त्याने मान वळवली नाही. तो पुन्हा आलाच नाही. कोणी म्हणतं, तो आता एका गोदामात लागलाय, तिथे दिवसभर कुणाशी बोलावं लागत नाही.

निळा अंगरखा इथेच आहे, माझ्याशेजारी घडी करून. त्याला बटण लावायला कोणी नाही.

सहल मात्र चालूच आहे. आता नवी गाईड येते, तरुण आहे. तिला भोंगा लागत नाही. नऊ जणांच्या कानात इअरफोनची बोंडं असतात आणि ती हळू बोलते. मावशीच्या खोलीतही आता पाहुणे राहतात. त्या खिडकीपुढे थांबून मुलगी सांगते की इथे एक गमतीशीर म्हातारी राहायची आणि ती अशी टकटक करायची. मग अंगठीने गजावर वाजवून दाखवते. लोकही एकेक करून वाजवून बघतात, फोटो काढतात, हसतात. रोज बाराच्या सुमारास ते मला इथे फळीवर ऐकू येतं. नऊ जणांची टकटक. माझी तार आता पक्की आहे, त्यामुळे एकही सुटत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरात काही हलत असेल, सैल झालं असेल, खरखरत असेल, तर ते रविवारवर टाकू नका. वस्तूंचं मी एवढ्यासाठीच सांगतो, की बिघडलेल्या वस्तूवर माणूस वाटेल ते ढकलतो. आणि तुमच्या म्हाताऱ्या माणसाने एखाद्या दिवशी ओ दिली नाही, तर रुसलं असेल, झोपलं असेल असं म्हणून पुढे जाऊ नका. आत जाऊन बघा. होडी चुकली तर चुकू द्या.