कुंकू लावलेला पियानो

मी एक जुना पियानो आहे, आणि हे मी रडून नाही, छाती काढून सांगतोय. वय विचारू नका, मित्रांनो. विचारलंत तरी खरं सांगणार नाही.

कलकत्त्याला जन्मलो आणि हुबळीच्या रेल्वेवाल्यांच्या एका क्लबात आलो. लोकांनी माझ्यावर गाणी वाजवली, चहाचे कपही ठेवले. डाग अजून आहेत. क्लब बंद पडला, लिलाव झाला, आणि दुर्गदबैल बाजारातले कापडवाले दत्तात्रेयअप्पा यांनी मला घेतलं. संगीताच्या आवडीनं? छे हो! मला थोपटून म्हणाले, "लाकूड दणकट आहे. वर गठ्ठे रचायला झकास." तीन वर्षं माझ्या डोक्यावर इरकली साड्या होत्या.

मग एकदा अप्पांच्या नऊ वर्षांच्या लेकीनं, योगितानं माझं झाकण उघडलं आणि कोपरानं दणका हाणला. साडी बघणारी बाई दचकून उभी राहिली. पोरगी खुदकन हसली. तेव्हाच ओळखलं, ही आपल्यातली!

क्लबात वाजवणाऱ्या म्हाताऱ्या सरांकडं ती शिकली, पुढं चेन्नईला गेली. गोवा, बेंगळुरू, पुणे, सगळीकडं तिच्या मैफली झाल्या. आपल्या गावात मात्र एकही नाही. इकडं गल्लोगल्ली गवई. लोक नाक मुरडायचे, "यात मींड कुठाय? एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरता येतं का?"

योगिता म्हणायची, "आम्ही घसरत नाही. उड्या मारतो."

तिनं मला धारवाडला, सप्तापुरातल्या भावाच्या खोलीत आणलं. तीस वर्षं तिथंच शिकवतेय. माझ्या तारा उतरल्या की तीच जुळवते. त्यासाठी लागणारी चावी हणमंतअण्णांनी लेथवर करून दिली. हणमंतअण्णा तारिहाळच्या कारखान्यातले जुने कामगार, आणि कारखाना योगिताच्या थोरल्या भावाचा, प्रभंजनचा.

यंदा हा प्रभंजन खोलीत आला आणि म्हणाला, "योगी, गावात तुला ऐकतंय कोण? खोली मोकळी कर. हा डबा माझ्या ऑफिसात शोभेला ठेवू. वर एक कुंडी."

कुंडी! माझ्यावर! रागानं माझ्या खालच्या तारा घुमल्या.

योगिता म्हणाली, "अण्णा, खंडेनवमीच्या आयुधपूजेला तुझ्या कामगारांसमोर वाजवते. शेवटपर्यंत बसले, तर खोलीही माझी नि पियानोही माझा. उठून गेले, तर खुशाल लाव कुंडी."

प्रभंजन हसला. "लेथवाले पियानो ऐकणार? कबूल!"

आयुधपूजेला मी टेम्पोतून तारिहाळला गेलो. बाळाचार्य पूजा करत ओळीनं निघाले होते. लेथ, ड्रिल, जनरेटर. त्यांना काय माहीत, मी पाहुणा आहे ते! मलाही कुंकू, मलाही झेंडूचा हार, आणि समोर फोडलेल्या नारळाचं पाणी कुंकवासकट झाकणाच्या फटीतून थेट माझ्या पट्ट्यांत. मधली एक पट्टी तिथंच चिकटली. पुढं स्पीकर आणि माइकचीही पूजा झाली. मग प्रभंजननं अर्धा तास भाषण ठोकलं.

भाषण संपलं, योगितानं झाकणाला हात लावला, तोच हा ओरडला, "थांब! त्याची पूजा झालीय. पूजलेलं हत्यार आज चालवत नाहीत. वाजवणं राहिलं, म्हणजे पियानो माझा!"

रीत तर खरीच. योगिताचा हात झाकणावर तसाच राहिला. सगळे खाली बघायला लागले. मला कुंडीतली माती दिसायला लागली.

तेवढ्यात हणमंतअण्णा उठले. "साहेब, माइकला कुंकू आहे की."

"एनू? म्हणजे काय?" प्रभंजन म्हणाला.

"जनरेटरच्या गळ्यात हार आहे. तो चालू नसता, तर तुमचं भाषण आम्हाला ऐकूच आलं नसतं."

मागून कुणीतरी म्हणालं, "बरं झालं असतं!"

सगळी शेड हसली. बाळाचार्यांनी उपरण्यात तोंड लपवलं.

"हणमंता, पगार कोण देतं तुला?"

"तुम्हीच, साहेब. पण त्या पियानोची चावी मी केलीय. माझं काम बघू तरी द्या."

योगितानं झाकण उघडलं.

मित्रांनो, त्या दिवशी मी वाजलो! चिकटलेली पट्टी दाबली की खालीच बसायची. योगिता ती अंगठ्यानं उचलायची, पुढं जायची, परत उचलायची. अंगठा कुंकवानं लाल झाला. हणमंतअण्णा मान वाकडी करून ऐकत होते, मशीनचा आवाज ऐकतात तसे. मध्येच पेढ्यांचं ताट आलं, तरी एक माणूस उठला नाही. प्रभंजन दाराकडं बघून बघून दमला आणि शेवटी स्वतःच खुर्ची ओढून बसला.

तुमच्या घरात, शाळेत, कपाटावर एखादी पेटी, एखादा तबला धूळ खात असेल. त्याला कुंकू लावा, हार घाला, माझी हरकत नाही. पण आधी खाली काढा, पुसा आणि वाजवा. चुकीचं वाजवा, शेजारी ओरडू देत, पण वाजवा. आम्हाला नुसता नमस्कार पुरत नाही.

माझी ती पट्टी अजून चिकटते. सप्तापुरात आलात, तर उचलून बघा.

आणि कुंडी? आहे की, प्रभंजनच्या ऑफिसात. जमिनीवर!