तीन बादल्या

वल्सलाने तिसरी बादली पंपाच्या तोंडात रिकामी केली, झाकण आवळलं आणि बटण दाबलं. पंप घरघरला, खोकला, रुसल्यासारखा गप्प झाला आणि मग कुठे वरच्या टाकीत पाण्याची धार पडल्याचा आवाज आला.

"आज तीन बादल्या प्यायला," ती खिडकीकडे बघून म्हणाली. "गेल्या महिन्यात दोनात भागत होतं."

खिडकीआड आरामखुर्ची करकरली. सुगतनने वर्तमानपत्राचं पान उलटलं.

"पंप म्हातारा झालाय."

"पंप धड आहे हो. विहिरीतली, पाइपाच्या टोकाची झडप गळतेय, रात्रीतून सगळं पाणी खाली उतरतं. पाइप वर ओढायला दोन माणसं लागतात."

"व्हिसा आला की जायच्या आधी कुणाला तरी सांगून जातो."

हे 'कुणाला तरी' अकरा महिने चाललं होतं. शारजात एकोणीस वर्षं एसी दुरुस्त करणारा तिचा नवरा कंपनी बंद पडल्यावर परत आला आणि खुर्चीत बसला, तो बसलाच. त्याचं खोकं मात्र पलंगाखाली, परत शारजाला जायच्या तयारीत होतं. आत त्याची हत्यारं आणि चार कपडे, बाहेर काळ्या शाईत ठसठशीत नाव, आणि चहूबाजूंनी करकचून बांधलेली निळी नायलॉनची दोरी. रोज केर काढताना झाडू त्या खोक्याला अडायचा. वल्सला वाकून दोरीकडे बघायची. ती जशीच्या तशी असायची. खोकं बांधलेलं आहे तोवर हा माणूस घरी आलेलाच नाही, असं तिला वाटायचं.

ती स्वतः पंचायतीतल्या बायकांच्या दुरुस्ती गटात होती. गळके नळ, तुंबलेल्या मोऱ्या, बिघडलेले पंप, सगळ्या गावाचं पाणी तिच्या हाताखालून जायचं. विहिरीवर जोडीदारणीला बोलावलं असतं तर तासाभराचं काम. पण घरात धडधाकट नवरा असताना पाइप ओढायला बाहेरची बाई आणायची, हे तिच्या जिवावर यायचं. त्यापेक्षा बादल्या बऱ्या. पुढच्या खेपेसाठी तीन भरून पंपाशी ठेवून ती कामावर निघाली.

त्या दिवशी नेमकं तसंच काम निघालं. एलियाम्मा टीचरांच्या पंपाने हवा धरली होती. वल्सला आणि तिची जोडीदारीण रेम्या यांनी पाइप वर घेतला, टोकाची झडप उघडली, तर आत चिंचोक्याएवढा खडा!

"एवढ्याशा खड्यापायी मी आठवडाभर पंपाला शिव्या घालतेय?" टीचर म्हणाल्या. "वल्सले, तुझ्या घरचा पंप तर सोन्यासारखा चालत असेल!"

"तिचा पंप तान्हा आहे, टीचर," रेम्या फिसकन हसली. "सकाळी उठून पाजावं लागतं त्याला."

वल्सलाही हसली. हसताना खांद्यात कळ आली.

वाटेत रेम्याने विचारलं, "ताई, खरंच येऊ का उद्या? की तुझे यजमान रागावतील?"

"रागावले तरी चालेल गं," वल्सला म्हणाली. "काहीतरी करतील तरी."

पाच वाजता ती फाटकातून आत आली, तेव्हा टाकी ओसंडून भिंत ओली झाली होती. सकाळी भरून ठेवलेल्या तिन्ही बादल्या मात्र काठोकाठ, जागच्या जागी. तिने पिशवी खाली ठेवली आणि टाकी भरलेली असूनही बटण दाबलं. पंपाने पहिल्याच हिसक्याला पाणी उचललं.

ती विहिरीवर वाकली. काळा पाइप आडव्या तुळईला बांधला होता. दोरी निळी होती. दुहेरी वेढे, त्यावर गाठ, गाठीवर पुन्हा गाठ आणि सुटू नये म्हणून काडीने जाळलेलं टोक. परदेशी जाणारी माणसं खोकं बांधतात, अगदी तसं. वाटेत कुणाला उघडता येऊ नये म्हणून.

मागच्या पायरीवर सुगतन बसला होता. लुंगी भिजलेली, दोन्ही सोललेल्या तळहातांना हळद. शेजारी पक्कड, पाना आणि फणसाचं एक काळं, कुजकं पान.

"हे अडकलं होतं," तो म्हणाला.

"एकट्याने ओढलात?"

"रहाटाच्या चाकावरून दोरी घातली. हलका झाला."

वल्सलाने पान उचललं, उलटसुलट केलं, परत ठेवलं. पलंगाखाली जाऊन बघावं असं तिला वाटलं, पण ती गेली नाही.

"पाइपाला अशी गाठ मारत नाहीत," ती म्हणाली. "झडप पुन्हा साफ करायची झाली तर? कापावीच लागेल ती दोरी."

"मग कापू." सुगतनने तळव्यावर फुंकर घातली. "मी आहेच की इथे."

तिने तिन्ही बादल्या एकेक करून नारळाच्या मुळाशी ओतल्या आणि भिंतीशी पालथ्या घातल्या.