हनुवटीची दुरुस्ती

सासूबाईंनी निघतानाच बजावलं होतं, "समुद्राकाठच्या त्या तटबंदीच्या गावात घरोघरी चित्रकार आहेत म्हणे. दोघींचं मिळून एक चित्र काढून आणा. बैठकीत दारासमोरच लावू."

ते ऐकल्यापासून थोरली सून धास्तावली होती. धाकटी जाऊ दिसायला उजवी. ती घरात आल्यापासून आलागेला आधी तिच्याकडे बघायचा आणि मग चहा कोणी केला ते विचारायचा. चहा थोरलीने केलेला असायचा. आता ही तुलना चौकटीत बसून कायमची भिंतीवर चढणार, याचं तिला मनापासून वाईट वाटत होतं.

गाव मात्र बघण्यासारखं होतं. गल्ल्या इतक्या अरुंद, की समोरून कोणी ओलं चित्र घेऊन आलं की भिंतीला पाठ लावून उभं राहावं लागे. तरी थोरलीच्या बाहीला कोणाचा तरी समुद्र लागलाच. धाकटीला अर्थातच काही लागलं नाही.

त्या ज्या म्हाताऱ्या चित्रकाराकडे गेल्या, तो तटाच्या पोटातल्या जुन्या पहारेकऱ्यांच्या खोलीत बसायचा. खोलीत टर्पेंटाइनचा वास आणि खारा वारा यांची कायम मारामारी. त्याने दोघींना एका बाकावर बसवलं आणि उन्हं कलेपर्यंत हलू दिलं नाही. चित्र झालं. थोरली होती तशी उतरली होती. धाकटी होती तशी उतरली होती. पंचाईत तीच होती.

"आता आमच्या गावाची रीत," चित्रकार ब्रश पुसत म्हणाला. "रंग ओला आहे तोवर प्रत्येकीला एक दुरुस्ती मागता येते. चित्रात कुठेही. पण कानात सांगायची. पूर्वी लोक मोठ्याने मागायचे, तर घरं फुटायची."

मोठेपणाचा मान म्हणून थोरली आधी उठली. जाताना तिच्या मनात होतं, आपलं नाक थोडं सरळ करून घ्यावं. पण 'चित्रात कुठेही' हे शब्द तिच्या डोक्यात घुसले आणि बुद्धी फिरली. ती म्हाताऱ्याच्या कानाशी वाकली. "धाकटीला दुहेरी हनुवटी काढा. अशी चांगली भरघोस." चित्रकाराने तिच्याकडे एकदा बघितलं आणि मान डोलावली.

मग धाकटी गेली. तिचं सांगणं एका वाक्यात आटोपलं. म्हातारा खोकल्यासारखं काहीतरी हसला आणि त्याने दोघींना बाहेर पिटाळलं.

तटावर बसून थोरली समुद्राकडे बघत होती, पण मनात मांडे खात होती. पाहुणे येतील, चित्र बघतील, म्हणतील, धाकटी जरा सुटलीच की. तिला इतकं बरं वाटलं, की तिने धाकटीला स्वतःच्या हाताने संत्रं सोलून दिलं.

हाक आली. दोघी आत गेल्या. चित्रात धाकटी होती तशीच होती, चाफेकळी नाकाची. आणि तिच्या शेजारी थोरली बसली होती, दोन हनुवट्या घेऊन. चांगल्या भरघोस.

थोरलीने नकळत आपली हनुवटी चाचपली. तक्रार करायची तर कशाची? आपण काय मागितलं होतं ते आधी सांगावं लागलं असतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

"ताई, छान आलंय नाही?" धाकटी भोळ्या चेहऱ्याने म्हणाली. "मी त्यांना एवढंच म्हटलं, आमच्या ताईंनी माझ्यासाठी जे मागितलं असेल ते मला नको, त्यांनाच द्या. म्हटलं, तुम्ही स्वतःसाठी थोडंच काही मागणार?"

चित्रकाराला अचानक ब्रश धुवायचे आठवले.

वेशीपर्यंत थोरली तरातरा पुढे चालत राहिली. ओलं चित्र धाकटीच्या हातात होतं. वेशीत मात्र थोरली थांबली, तिने मागे वळून गावाकडे बघितलं आणि तिला हसू फुटलं. आधी नाकातून, मग पोटातून. धाकटीही हसायला लागली, तशी दोघींना भिंतीला टेकावं लागलं.

"पुढच्या वर्षी परत यायचं इथे," डोळे पुसत थोरली म्हणाली.

"कशाला हो ताई?"

"मला तुझ्यासाठी मोत्यांचा हार मागायचाय."